कोच, नग एक, सालाबादप्रमाणे

माणसाला कशाचा राग येईल याचा नेम नाही. जगदेवराव गोट्यांना वीस वर्षांच्या नोकरीत चार साहेबांनी चार निरनिराळ्या भाषांत गाढव म्हटलं होतं, आणि ते त्यांनी पगाराबरोबर निमूटपणे घरी नेलं होतं. पण अकोल्याच्या रामकिसन वकिलांनी एकदाच, तेही हसत हसत, "भाऊ, कोचावर बसाची बी सवय लागते," असं म्हटलं आणि जगदेवरावांची अन्नावरची वासना उडाली.

रामकिसन वकील म्हणजे त्यांचे साडू, कस्तुराबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. साडूचं नातं मोठं अवघड. भावाशी भांडता येतं, मेहुण्याला दटावता येतं, साडूशी मात्र फक्त बरोबरी करता येते. आणि ती बरोबरी मापणाऱ्या दोघी एकाच आईच्या पोटच्या असल्यामुळे मापात खोट निघत नाही.

झालं होतं ते असं. चौतीस सालच्या दिवाळीत गोटे पतिपत्नी वाशीमहून मोटारीने अकोल्याला गेली. वकिलांच्या दिवाणखान्यात एक कोच होता. काळपट लाकडाचा, वळणदार पायांचा, विटक्या हिरव्या मखमलीचा. मखमल दोन ठिकाणी फाटली होती. जगदेवरावांनी सहज, घरच्या माणसाच्या नात्याने, नवीन कापड का लावत नाही म्हणून विचारलं. वकिलांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. नवा कोच काय, कोणीही आणतो, हा जुना आहे, साहेबाच्या लिलावातला आहे, फाटका आहे म्हणूनच त्याला किंमत आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. त्या दिवसांत अकोल्या-अमरावतीच्या वकील-डॉक्टरांत आणि कापसाच्या जिनवाल्यांत हे एक नवंच वेड शिरलं होतं. बदली झालेल्या साहेबांच्या जुन्या खुर्च्या-कोचांसाठी हाणामाऱ्या व्हायच्या बाकी होत्या. एका डॉक्टरकडे तर साहेबाच्या चिरुटाने जळलेली आरामखुर्ची होती आणि तो येणाऱ्याची नाडी पाहण्याआधी त्याला ते जळकं भोक दाखवत असे.

जगदेवरावांना हे काही उमजेना. त्यांच्या आजोबांची शिसवी बाज जुनी झाली म्हणून त्यांच्या वडिलांनी तिच्यावर गोवऱ्या रचल्या होत्या. म्हणजे आपल्या आजोबाचं जुनं ते अडगळ आणि साहेबाच्या आजोबाचं जुनं ती शोभा, असा हिशेब दिसत होता. तरी पण वकिलांनी आग्रह केला म्हणून ते चहाचा कप घेऊन कोचावर बसले. बसले म्हणजे गेले. खाली किती जायचं आणि कुठे थांबायचं याचा त्यांना अंदाज नव्हता. गुडघे हनुवटीपाशी आले, पाय अधांतरी झाले आणि चहा नव्या धोतरावर सांडला. खिडकीजवळच्या साध्या लाकडी खुर्चीवर बसलेले वकील तेव्हा ते वाक्य बोलले. दोघी बहिणी पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांतल्या एकीने तरी हसायला नको होतं, असं जगदेवरावांना फार वाटलं.

वाशीमला मोटारीतून उतरल्यावर जगदेवराव एवढंच म्हणाले, "आपल्या घरी बी कोच येईन."

आता हा अपमान त्यांना एवढा का झोंबला हे समजायला त्यांची नोकरी माहीत पाहिजे. ते एका सरकारी कचेरीत नायब नाझर होते. कोणत्या ते सांगत नाही, तिथली रजिस्टरं अजून तशीच चालत असतील. कचेरीतलं आणि गावाबाहेरच्या डाक बंगल्यातलं सगळं सामान, खुर्च्या, टेबलं, पलंग, कंदील, दौती, त्यांच्या ताब्यात होतं. बावन्न खुर्च्या त्यांच्या सहीखाली नांदत होत्या आणि स्वतः ते वीस वर्षं बिनपाठीच्या स्टुलावर बसत होते. साहेबासमोर तर स्टूलही नाही. तिथे उभंच. त्यांची पाठ कशाला टेकली असेल तर घरच्या भिंतीला.

देवाच्या मनात असलं की योग जुळून येतात. मार्गशीर्षात सडकांच्या साहेबाची बदली झाली आणि त्याच्या बंगल्यावर लिलाव निघाला. घंटा वाजवायला कचेरीतलाच, आणि जगदेवरावांच्या गल्लीतलाच, चपराशी सेवालाल. मूळचा पोहरादेवीकडचा, आवाज यात्रेत कमावलेला. एक कोच निघाला. काळपट लाकूड, वळणदार पाय, मखमल लाल आणि तीन ठिकाणी फाटलेली. साडूपेक्षा एक भोक जास्त आहे हे जगदेवरावांनी मोजून पाहिलं. मंगरूळपीरचा एक अडत्या बोलीत चढू लागला तेव्हा सेवालालने साहेबभक्तीपेक्षा शेजारधर्म मोठा मानून त्याच्या कानात सांगितलं की कोचात ढेकूण आहेत. अडत्या मागे सरला. सेवालालने ही थाप मारली होती, पण कोचाने ती पुढे खरी करून दाखवली. कोच केवढ्याला पडला ते जगदेवरावांनी कस्तुराबाईंना कधीच सांगितलं नाही, तेव्हा आपणही विचारू नये.

बंडीवर कोच चढवला, वर दोर आवळले आणि वरात निघाली. हो, वरातच. गल्लीत शिरेपर्यंत मागे तीसेक माणसं झाली होती. दारापाशी बंडी थांबली आणि जगदेवरावांच्या ध्यानात आलं की आपण कोचाची भोकं मोजली, दार मोजलं नाही.

शेजारी रामराव मास्तर, निवृत्त हेडमास्तर, धावून आले. त्यांनी भूमितीचा आधार घेऊन कोच तिरपा करायला सांगितला. तिरपा केला. मग उलटा तिरपा करायला सांगितला. तसाही केला. तिसऱ्या तिरपेपणात कोच चौकटीत असा बसला की पुढेही जाईना आणि मागेही येईना. कस्तुराबाई आत, जगदेवराव बाहेर, मधे कोच. तासभर हा संसार असा दुभंगलेला राहिला. मास्तर म्हणाले की सिद्धान्त बरोबर आहे, दार चुकीचं आहे. समोरच्या रंगूबाईंनी चौकटच काढा म्हणून सुचवलं. तेव्हा आतून कस्तुराबाईंचा आवाज आला, "या चौकटीतून मी माप ओलांडून आली. ते कोचासाठी निंगत नाई. निंगाचंच असंन तर आदी मले बाहीर काढा."

चौकट राहिली. कोच ओढून काढला, त्यात त्याचं चौथं भोक पडलं, आणि मागच्या अंगाने, गोठ्याच्या मोठ्या दरवाजातून तो आत घेतला. गोठा आणि ओसरी यांच्यामध्ये फळ्यांची आडभिंत होती. ती सोडवायला फय्याज मिस्तरी हवा होता आणि तो अनसिंगला एका लग्नाच्या मांडवाचं काम करत होता. त्यामुळे साहेबाचा कोच आठ दिवस म्हशीच्या शेजारी राहिला. म्हशीला त्याच्याबद्दल कसलंही कुतूहल नव्हतं, जिव्हाळा मात्र होता. आठ दिवसांत तिने त्याचा डावा हात मखमलीसकट, आतल्या काथ्यासकट, चवीने खाल्ला.

फय्याज आला. त्याने फळ्या काढल्या, कोच ओसरीवर आणला, फळ्या परत ठोकल्या. एक फळी उरली नाही, तर कमी पडली. कशी ते फय्याजलाही सांगता येईना. त्या फटीतून म्हशीने डोकं बाहेर काढलं आणि कोचाकडे पाहत ती उभी राहिली. पुढे रोज राहू लागली.

अशा रीतीने कोच घरात आला. आता फक्त बसायचं राहिलं होतं, आणि तेच जमेना.

एक तर जगदेवरावांनी मनाशी ठरवलं होतं की पहिली बैठक रामकिसनसमोरच मारायची. बसायचं, टेकायचं, पायावर पाय घ्यायचा आणि चहाचा एक थेंब सांडू द्यायचा नाही. तोवर कोच कोरा ठेवायचा. पण इतरांनी तरी बसावं की नाही? रामराव मास्तर रोज पाच वाजता येत. त्यांना कोचावर बसा म्हटलं तर ते म्हणाले की उंचावर बसून बोललं की मला शाळेत आल्यासारखं वाटतं आणि कोणाला तरी मारावंसं वाटतं. ते खाली सतरंजीवर बसले. मास्तर वडीलधारे, ते खाली बसल्यावर बाकीच्यांनी वर बसायचं कसं? तेव्हा सगळेच खाली बसले, आणि मागे एवढा मोठा कोच आयता पडलाय म्हणून त्याला पाठी टेकल्या. दोन-तीन दिवसांत ती रीतच पडली. संध्याकाळी गल्लीतली चार-पाच माणसं सतरंजीवर मांडी घालून ओळीने बसत आणि साहेबाच्या कोचाला लोडासारखं टेकत. जगदेवरावही त्यांच्यातच. लोड उत्तम होता, हे कोणीही नाकारत नव्हतं.

एकदा अनसिंगकडचा रूपला आपल्या बांधाच्या तक्रारीचा कागद घेऊन आला. ओसरीवर पाऊल टाकताच तो थबकला. त्याने पायातल्या वहाणा काढल्या, पागोटं सारखं केलं आणि रिकाम्या कोचाला वाकून जोहार घातला. जगदेवराव इकडे सतरंजीवर बसले होते, पण रूपला आपली सगळी तक्रार कोचाकडे तोंड करून सांगत होता. शेवटी जगदेवरावांनी विचारलं, अरे, इकडे पाह्य ना, तिकडं कोण हाय?

"मालक, सडकेत वावर गेलं तवा ह्याच कोचासमोर मी दोन घंटे उभा होतो," रूपला म्हणाला. "साहेबाचं तोंड नाई मले आठवत. पाय आठवतात, कोचाचे."

मास्तरांनी पाठ कोचापासून थोडी पुढे घेतली.

माघात जगदेवरावांनी अकोल्याला पत्र घातलं. खुशालीच्या मजकुराखाली, काही विशेष नाही अशा थाटात, एक ओळ होती: आमचेकडेही एक जुना कोच घेतला आहे, सवडीने येऊन पाहावा. उत्तर आलं की येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतो.

शुक्रवारी रामराव मास्तरांच्या मानेवर गांधी उठल्या. सेवालालची थाप खरी ठरली होती. रामकिसनला चावलेला एक ढेकूण सगळ्या अकोल्यात नाव काढील, म्हणून जगदेवरावांनी तातडीने फय्याजला बोलावलं आणि तळाचं गोणपाट उकलायला सांगितलं. फय्याजने कोच उलथा केला, गोणपाट फाडलं, ढेकणांना शिव्या दिल्या आणि मग तो तळाचं लाकूड निरखून पाहू लागला.

"नाझरसाब," तो म्हणाला, "हे तर सरकारी दिसून राह्यलं."

लाकडावर पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं: डा. बं. ११.

जगदेवरावांनी वाकून ते दोनदा वाचलं. डाक बंगला, बाब अकरा. ती ओळ त्यांना पाठ होती. सामानाच्या रजिस्टरात दर मार्चात स्वतःच्या वळणदार अक्षरात त्यांनी ती नऊ वर्षं लिहिली होती: 'कोच, नग एक, सालाबादप्रमाणे. समक्ष पाहिला, दुरुस्त आहे.' खाली सही.

आता कोणी म्हणेल, पाहिला नव्हता तर लिहिलं का? असं म्हणणाऱ्याने सरकारी नोकरी केलेली नाही. तपासणीची एक पद्धत असते. मार्च महिन्यात उन्हातून चालत डाक बंगल्यावर जायचं. तिथे वहाब खानसामा चहा करून देतो. व्हरांड्यात बसून चहा प्यायचा. मग आपण मागच्या सालचं पान काढायचं आणि विचारायचं, क्यूं वहाब, सब है? तो म्हणतो, सब है नाझरसाब. की मागचं पान पुढच्या पानावर उतरवायचं. आधीच्या नाझराने असंच केलं होतं, त्याच्या आधीच्यानेही. सामान हललं तरी चालतं, पान हलता कामा नये, या एका तत्त्वावर सगळं दप्तर उभं होतं.

जगदेवराव तसेच टोपी न घालता डाक बंगल्यावर गेले. वहाबने शांतपणे सांगितलं की तो कोच सात वर्षांपूर्वी एका सडकवाल्या साहेबाने मेमसाहेबाच्या दुखऱ्या पाठीसाठी दोन दिवस म्हणून नेला. मेमसाहेब गेली, साहेब गेला, पुढच्या साहेबाला कोच बंगल्याबरोबर मिळाला, त्याच्या पुढच्याला तो आपल्या बापाचा वाटला आणि त्याने लिलावात काढला. मग तू दरवर्षी सगळं आहे म्हणून का सांगत होतास, असं जगदेवरावांनी जवळजवळ रडत विचारलं.

"साब, आपने पूछा सब है, मैं बोला है," वहाब म्हणाला. "कोच है क्या, ऐसा तो आपने किसी साल पूछाच नहीं."

आणि याच वहाबने जाता जाता सांगितलं की रविवारी अकोल्याहून मोठे साहेब कॅम्पला येतायत. दुसऱ्या एका तालुक्यात बंगल्याचे चार पलंग बेपत्ता सापडले, तेव्हापासून ते रजिस्टर हातात धरून एकेक वस्तू स्वतः मोजतात. कॅम्पावरच्या साहेबाला रविवार नसतो.

परत येताना जगदेवरावांनी सगळे मार्ग तपासले. लिलावाची पावती खिशात होती, चोरीचा आळ येणार नव्हता. पण पावती दाखवली की कोच सात वर्षं डाक बंगल्यात नव्हता हे सिद्ध होणार, आणि मग त्या सात वर्षांत तो समक्ष कोणी पाहिला, हा प्रश्न येणार. त्याचं उत्तर खाली वळणदार अक्षरात होतंच. नोकरी जाणार, पेन्शन जाणार, आणि गावात नाव होणार की गोटे नाझरांनी घरबसल्या सात वर्षं कोच पाहिला. कोच परत नेऊन ठेवला तर सगळं वाचत होतं. फक्त रविवारी सकाळच्या गाडीने रामकिसन येणार होता.

त्यांनी हे सगळं कस्तुराबाईंना सांगितलं. पाव तास तरी त्या रागावतील अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांनी फक्त भाकरीचं पीठ मळायचं थांबवलं.

"नौकरी राह्यली तर सतरंजी बी शोभते," त्या म्हणाल्या. "उद्याच्या उद्या नेऊन टाका तो. अन् मी हासली होती ना अकोल्याले, ते मनात नोका ठेवू."

शनिवारी दुपारी फय्याजने फळ्या परत काढल्या. म्हशीने कोचाला अखेरचं चाटलं. बंडी आली, दोर आवळले, आणि जी तीस माणसं कोच येताना होती तीच जाताना पाहायला गोळा झाली. रंगूबाईंनी विचारलंच, कुठं चालला? जगदेवरावांच्या तोंडून निघून गेलं की मोठे साहेब येऊन राहिलेत, त्यांना बसायला सरकारने मागितला.

खोटं बोलायचं असं काही ठरलं नव्हतं. पण ते वाक्य बंडीच्या पुढे धावत सुटलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाशीमात झालं की साहेबाला बसवण्यासारखं आसन सरकारजवळ नव्हतं, ते गोट्यांच्या ओसरीवरून न्यावं लागलं. ज्यांनी वीस वर्षांत त्यांना रामराम घातला नव्हता त्यांनी तो घातला. रामराव मास्तरांनी सतरंजीवर बसून एक लहानसं भाषण केलं, त्यात हरिश्चंद्र आणि कर्ण दोघेही आले. टेकायला काही नसल्यामुळे ते लवकर संपलं.

रविवारी सकाळी रामकिसन वकील आले. एकटेच आले होते. मेहुणीला पडसं झालं होतं. ओसरीवर त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. म्हशीने त्यांच्याकडे पाहिलं. जगदेवरावांनी कोचाची हकीकत सांगितली. वकिलांचा चेहरा आधी पडला आणि मग धंद्यावर गेला. त्यांनी दोन-चार उलटे प्रश्न विचारले, मागणीचा लेखी हुकूम आहे का म्हणून विचारलं, आणि शेवटी म्हणाले की मीही येतो, साहेबांना सलामही होईल आणि तुमचा कोचही पाहणं होईल.

नाही कसं म्हणणार? दोघे साडू उन्हातून डाक बंगल्याकडे चालले. एकाने वकिली कोट घातला होता, दुसऱ्याच्या काखेत रजिस्टर होतं.

वहाबने कोच खिडकीखाली ठेवून त्यावर पांढरी चादर टाकली होती. मोठे साहेब उंच, लाल, घाईचे. वकिलांना त्यांनी दारातच थोपवलं. सलाम झाला, पण आत या असं काही कोणी म्हटलं नाही. वकील टोपी हातात घेऊन चौकटीत उभे राहिले. साहेबांनी रजिस्टर घेतलं आणि मोजायला सुरुवात केली. कंदील सहा, आहेत. मच्छरदाण्या चार, आहेत. दहाव्या बाबीपर्यंत जगदेवरावांच्या कानांत नुसती घंटा वाजत होती.

"ग्यारह. कोच," साहेब म्हणाले. वहाबने चादर ओढली. साहेबांनी कोचाभोवती एक फेरी मारली आणि डाव्या हातापाशी ते थांबले.

"ये किसने खाया?"

"चूहा, साहब," जगदेवराव म्हणाले.

साहेबांनी त्या जागेवर आपला पंजा ठेवून पाहिला. पंजा आत मावत होता. "बहुत बड़ा चूहा है."

"इधर के चूहे बड़े रहते साहब," वहाब अदबीने म्हणाला.

साहेब हसले. मग वाकून त्यांनी तळाचा नंबर पाहिला, रजिस्टरातला नंबर पाहिला, नऊ वर्षांची पानं मागे चाळली. प्रत्येक पानावर तेच अक्षर, तीच ओळ, तीच सही. ते खूश झाले. सगळ्या जिल्ह्यात बरोबर जुळलेलं असं रजिस्टर आपण पहिल्यांदाच पाहतो, असं त्यांनी सांगितलं, आणि जगदेवरावांना घाम फुटला. साहेब टेबलाशी जाऊन आपल्या वहीत शेरा लिहू लागले आणि लिहिता लिहिता, मान वर न करता, त्यांनी कोचाकडे बोट केलं.

"बैठो, नाझर."

वीस वर्षांत कोणत्याही साहेबाने जगदेवरावांना हा शब्द म्हटला नव्हता. समोर तो कोच होता. चौकटीत रामकिसन वकील हातात टोपी घेऊन उभे होते आणि पाहत होते. ज्या एका क्षणासाठी जगदेवरावांनी दार, फळ्या, म्हैस आणि ढेकूण एवढं सोसलं होतं, तो क्षण सरकारी हुकमाने त्यांच्यापुढे वाढून ठेवला होता. फक्त दोन पावलं पुढे जायचं आणि गुडघे वाकवायचे.

गुडघे वाकले नाहीत. जगदेवरावांनी त्यांना मनातल्या मनात सांगून पाहिलं, दटावून पाहिलं. ते वीस वर्षं साहेबासमोर सरळ राहिले होते आणि तसेच सरळ राहिले. साहेबांनी मान वर केली. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि जे ओठांवर आलं ते जगदेवरावांचं स्वतःचं नव्हतंच.

"आदत नहीं है, साहब," ते म्हणाले.

साहेबांनी खांदे उडवले. "बारह. पलंग," ते म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले. जगदेवराव रजिस्टर घेऊन मागोमाग गेले. त्यांना साहेबाचा राग आला नाही, रामकिसनचाही नाही. राग आला तो आपल्याच गुडघ्यांचा, आणि इतका आला की डोळ्यांत पाणी आलं.

वकील हे आता अकोल्यात कुठे कुठे सांगतील याची यादी परतताना जगदेवराव करत होते. पद्मतीर्थाच्या तळ्याजवळ आल्यावर वकील थांबले आणि त्यांनी वहाणेतला खडा काढला.

"भाऊ, दिवाळीत तुमी आले होते तवा मी कायच्यावर बसलो होतो?" त्यांनी विचारलं.

जगदेवरावांनी आठवून पाहिलं. साध्या लाकडी खुर्चीवर.

"तीन साल झाले कोच आनून," वकील म्हणाले. "पयल्याच दिवशी बसलो, अन् अंगावर चहा सांडला. मंग नाई बसलो. कोनी आलं का त्यालेच बसवतो." खडा दूर फेकून ते म्हणाले, "अन् मले तर त्या साहेबानं आत बी नाई बलावलं."

घरी कस्तुराबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. नोकरी राहिली हे नवऱ्याच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं होतं, आणि आणखी काहीतरी झालं आहे हेही. साहेब काय म्हणाले म्हणून त्यांनी विचारलं.

"बस म्हणले," जगदेवरावांनी सांगितलं.

"मंग?"

रामकिसन वकील घाईघाईने म्हशीचं कौतुक करू लागले. म्हैस फटीतून डोकं काढून उभीच होती. एवढ्या कोचात पोटभर कोणाला मिळालं असेल तर तिलाच. कस्तुराबाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी सतरंजी झटकली, अंथरली, आणि दोन कप चहा आणून ठेवला.

दोघे साडू सतरंजीवर बसले. जगदेवरावांनी एक मोठा उसासा टाकला, चहाचा कप उचलला आणि महिनाभराच्या सवयीने, मागे न पाहता, पाठ टेकली. मागे काही नव्हतं. ते सरळ उताणे पडले, आणि सगळा चहा नव्या धोतरावर सांडला.